गावच्या घरी गाडी चार्ज करायची आहे? चार्जरच्या आधी अर्थिंग पाहा

प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर चिऱ्याचं जुनं घर आहे. मंजूर भार १ किलोवॅट, वायरिंग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं. ३० युनिट क्षमतेची बॅटरी असलेली इलेक्ट्रिक कार गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईहून गावी न्यायची. निवृत्तीनंतर ती तिथेच राहील. मागच्या खेपेला गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर पडवीतल्या १५ अँपियरच्या पॉइंटला लावला, तर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही. गावातल्या वायरमनने 'न्यूट्रलवरून अर्थ घेतो, लगेच चालेल' असं सांगितलं. ते करावं का, थेट ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसणारी चार्जिंगची पेटी) बसवावा, की चिपळूणच्या फास्ट चार्जरवर भागवावं?

न्यूट्रलवरून अर्थ घेऊ नका. लाल दिवा नक्की विझेल आणि गाडी चार्जही होईल, धोका त्यातच आहे. पोर्टेबल चार्जर सुरू होण्याआधी अर्थ जागेवर आहे का हे तपासतो. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तारेने जोडल्या की त्याला अर्थ 'दिसतो', पण जमिनीशी संबंध काहीच नसतो. पुढे कधीतरी खांबावरचा न्यूट्रलचा जंपर (जोडतार) सुटतो. खाऱ्या हवेत आणि जून-जुलैच्या वाऱ्यात तो सुटतोच. त्या क्षणी घरात चालू असलेल्या पंख्या-फ्रिजमधून फेज उलटा न्यूट्रलवर येतो आणि तिथून तुमच्या जोडणीतून गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. ओल्या खळ्यात अनवाणी उभं राहून जो दाराला हात लावेल, त्याच्या अंगातून २३० व्होल्टला वाट मिळते. यात एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा स्विच) पडत नाही. आरसीसीबीही (गळती होताच वीज तोडणारा स्विच) अशा जोडणीत आंधळा होऊ शकतो.

तेव्हा आधी लाल दिव्याचं खरं कारण शोधू. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. फक्त हे काम चालू लाइनवरचं आहे, ते वायरमनकडूनच करून घ्या आणि आकडे तुम्ही कागदावर लिहा.

सॉकेट समोरून पाहताना वरचं मोठं छिद्र अर्थचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. तीन मापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग घरात २ किलोवॅटचा गीझर किंवा दोन इस्त्र्या चालू करून तीच तीन मापं पुन्हा घ्यायची.

भाराशिवाय २२८, २२६ आणि २ व्होल्ट आले, आणि भार टाकल्यावरही चार-सहा व्होल्टांपेक्षा जास्त फरक पडला नाही, तर घराची तब्येत चांगली आहे. अशा वेळी फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेत का ते पाहा. काही चार्जर तेवढ्यावरही अडतात आणि जुन्या घरांत ही चूक सर्रास सापडते.

फेज-न्यूट्रल २२८, पण फेज-अर्थ ११०-१२० आणि न्यूट्रल-अर्थही तेवढंच दाखवत असेल, तर सॉकेटमधली अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा ती मुळात बोर्डापर्यंतच येते, अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जातच नाही. हे आकडे म्हणजे शेजारच्या तारांतून उतरलेली भुताटकी आहे, खरा दाब (व्होल्टेज) नव्हे. जुन्या चिऱ्याच्या घरात बहुधा हेच निघतं.

तिसरी गत अशी: भाराशिवाय सगळं ठीक, पण गीझर लावताच फेज-न्यूट्रल २२८ वरून १९६ वर येतं आणि न्यूट्रल-अर्थ २ वरून १६-१८ वर चढतं. यात अर्थिंगचा दोष नाही. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बारीक आहे किंवा तिचा सांधा गंजला आहे. ३२ व्होल्टांची घट फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारांत निम्मी निम्मी वाटली गेली आहे. ही दुरुस्ती महावितरणची. तक्रार देताना 'व्होल्टेज कमी येतं' एवढंच न लिहिता, भारासह आणि भाराशिवायचे आकडे वेळेसकट लिहा, म्हणजे लाइनमन नेमका सांधा बघायला येतो.

अर्थिंग, कातळ आणि आरसीसीबी

कोकणात हा विषय घाटावरच्यापेक्षा वेगळा आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. ओलसर, मातकट जमिनीत ३ मीटर लांबीचा एक रॉड ठोकला तर साधारण ३०-३५ ओहम रोध मिळतो. तोच रॉड जांभ्याच्या कोरड्या कातळात भोक पाडून सोडला तर आकडा सहज दहापट होतो, ३०० ओहमच्या पुढे. आता हिशोब करा. गाडीच्या पत्र्याला फेज लागला आणि अर्थचा रोध ३३ ओहम असला, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ३३, म्हणजे ७ अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी ७ अँपियरला जन्मात पडणार नाही. म्हणजे चांगल्या जमिनीतही नुसता अर्थ आणि एमसीबी मिळून माणसाला वाचवत नाहीत. वाचवतो तो ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, ज्याला गावाकडे अजून ईएलसीबी म्हणतात. तो ०.०३ अँपियर गळती होताच तोडतो. ३०० ओहमच्या वाईट अर्थवरसुद्धा ०.०३ गुणिले ३०० म्हणजे ९ व्होल्टच पत्र्यावर राहू शकतात.

याचा अर्थ अर्थिंग कसंही चालेल असा नाही. चार्जर स्वतः रोध तपासतो आणि तो जास्त असेल तर नकार देतो. वॉलबॉक्स बसवणारे बहुतेक इन्स्टॉलर ५ ओहमच्या आत मागतात. पण अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, आणि आरसीसीबीला पर्याय नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

जागा निवडताना घराच्या सोयीची न पाहता ओलाव्याची पाहा. पडवीसमोरच्या खळ्याखाली कातळ असेल तर तिथे खोदू नका. नारळ-पोफळीची वाडी, न्हाणीचं पाणी जिरतं तो कोपरा, विहिरीकडचा उतार, जिथे मे महिन्यातही माती हाताला गार लागते, ती जागा. तिथून डीबीपर्यंत (वीजवाटपाच्या पेटीपर्यंत) तार वीस मीटर जास्त लागली तरी चालेल. पायापासून किमान दीड मीटर लांब राहा. ३ मीटरचे दोन तांब्याचा मुलामा असलेले रॉड एकमेकांपासून ६ मीटरवर घ्या आणि तांब्याच्या तारेने जोडा. जवळजवळ ठोकले तर दुसऱ्या रॉडचा फायदा जवळपास शून्य, कारण दोघं एकाच मातीत प्रवाह सोडतात. भोवती बेंटोनाइट किंवा तयार अर्थिंग पावडर भरा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा इथे टिकत नाही: तीन हजार मिलिमीटरच्या पावसात मीठ दोन-तीन वर्षांत धुऊन जातं आणि जाईपर्यंत जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खाऊन टाकतं. जोड बोल्टने आवळलेला असेल तर त्यावर बिटुमेन किंवा ग्रीस फासा, आणि वर झाकण असलेला लहान चौथरा ठेवा, म्हणजे दरवर्षी उघडून बघता येईल. रोध मोजायचा तो मेच्या शेवटी, कोरड्या दिवसांत. जुलैत घेतलेलं माप सगळ्यांनाच खूश करतं.

आरसीसीबी घेताना दुकानदार सहसा एसी टाइप हातात देतो. गाडीसाठी ए टाइप मागून घ्या. अंगावरच्या खुणेत ओळखता येतं: एसी टाइपवर फक्त एक नागमोडी लाट असते, ए टाइपवर लाटेखाली तुटक अर्ध्या लाटाही असतात. गाडीच्या चार्जरमध्ये एसीचं डीसी होतं. तिथे दोष आला तर गळतीचा प्रवाह तुटक स्वरूपाचा असू शकतो आणि एसी टाइप त्याला ओळखत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही २०१९ पासून चार्जिंग पॉइंटला किमान ए टाइप आणि ३० मिलिअँपियर असंच बंधन आहे. वॉलबॉक्स घेतलात तर त्यात ६ मिलिअँपियर डीसी गळती ओळखणारी सोय आहे का ते विचारा. नसेल तर बी टाइप लागतो आणि तो महाग असतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खाऱ्या हवेत आतली यंत्रणा चिकटते, आणि न हलवलेला आरसीसीबी ऐन वेळी हलत नाही.

पॉइंट आणि वायर

तुमच्या वापराला सध्या वॉलबॉक्सची गरज नाही. एक चांगला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट पुरे. हिशोब असा: ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला २४ युनिट आत जायला हवेत. वाटेत दहा-बारा टक्के उष्णतेत जातात, म्हणून मीटरवर सुमारे २७ युनिट पडतील. चार्जर १० अँपियरवर असेल आणि दाब २२० व्होल्ट असेल तर २.२ किलोवॅट, म्हणजे सव्वाबारा तास. १३ अँपियरवर साडेनऊ तास. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी तयार. संध्याकाळी सातच्या सुमारास दाब १९० वर उतरतो तेव्हा १० अँपियरला १.९ किलोवॅटच मिळतात, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत अकरानंतर लावलेलं बरं. गावचा ट्रान्सफॉर्मर तेव्हा मोकळा असतो. दाब कमी म्हणून स्टॅबिलायझर मध्ये घालू नका. घरगुती स्टॅबिलायझर सलग दहा तास १३ अँपियर ओढायला बनवलेलाच नसतो.

सलग दहा तास, हाच कळीचा मुद्दा. गीझर पंधरा मिनिटं चालतो, मिक्सर दोन मिनिटं. घरातल्या वायरिंगने आयुष्यात इतका वेळ पूर्ण प्रवाह कधी वाहिलेलाच नसतो. एखाद्या जोडात फक्त ०.१ ओहमचा रोध असला तर १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॅट उष्णता त्या एका ठिपक्यात तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत रात्रभर चालू ठेवल्यासारखं. काळे पडलेले, वितळलेले सॉकेट दिसतात ते याचमुळे. गाडीने प्रवाह जास्त ओढला म्हणून नव्हे.

म्हणून मीटरशेजारच्या डीबीपासून थेट नवीन लाइन ओढा. ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही त्याच जाडीच्या, मध्ये एकही सांधा नको, दुसरा कुठलाही पॉइंट त्यावर नको. २५ मीटर अंतराला १३ अँपियरवर तीन व्होल्टांच्या आसपासच घट होते. जुन्या घरात ॲल्युमिनियमची तार असेल तर तिला तांबं पिळून जोडू नका; या हवेत त्या दोन धातूंचा सांधा वर्षभरात पांढरी भुकटी होतो. १६ अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी. सॉकेट १६ चं असताना ब्रेकर २५ चा लावला, तर सॉकेट जळेपर्यंत ब्रेकर गप्प राहील. मागे आरसीसीबी आणि डीबीतच टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण). त्याच्या तारा लांब न ठेवता अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या. लांब ठेवल्या तर विजेचा धक्का तारेतच दाब वाढवतो आणि प्रोटेक्टरचा उपयोग उरत नाही.

सॉकेट ६ आणि १६ दोन्ही पिना घेणारं घेऊ नका, फक्त १६ चं घ्या. दोन मापांच्या पिना घेणाऱ्या सॉकेटच्या पट्ट्या लवकर सैल होतात. तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवा आणि मग स्क्रू आवळा. जमिनीपासून किमान ८० सेंटिमीटर उंच, हा नियमच आहे, पण पुराचं किंवा पागोळ्यांचं पाणी जिथवर उडतं त्याच्या वर. पडवीच्या आतल्या भिंतीवर, पश्चिमेची झड थेट येणार नाही अशा बाजूला, झाकणाच्या वॉटरप्रूफ बॉक्समध्ये. चार्जरची पेटी प्लगवर लोंबकळत ठेवू नका, भिंतीला खुंटी मारून टांगा. तिचं वजनच सॉकेट सैल करतं. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नाही. गाडी पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभी राहील अशी जागा आधी ठरवा आणि मगच पॉइंटची जागा ठरवा.

पहिल्या रात्री लावून एक तासाने सॉकेटला आणि प्लगला हात लावा. कोमट चालेल. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर बंद करा, जोड पुन्हा आवळा. चार्जिंग थांबवताना आधी गाडीतून किंवा ॲपवरून थांबवा, गाडीची गन (केबलच्या टोकाची मूठ) काढा, मग भिंतीवरचं बटण, शेवटी प्लग. चालू प्रवाहात प्लग ओढला की ठिणगी पडते आणि पिनेवर काळा डाग राहतो. तो डाग म्हणजे पुढच्या खेपेचा रोध.

वॉलबॉक्स कधी

गाडी तिथेच राहायला आली, रोज फिरायला लागली, किंवा घरात दुसरी गाडी आली, तर वॉलबॉक्सचा विचार करा. पण आधी गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे ते पुस्तिकेत पाहा. एसी चार्जिंगमध्ये भिंतीवरची पेटी फक्त वीज पोचवते, बॅटरी भरण्याचं काम गाडीतला चार्जर करतो. तो ३.३ किलोवॅटचा असेल तर ७.२ चा बॉक्स लावूनही ३.३ च मिळतील. ११ किंवा २२ किलोवॅटचा थ्री फेज बॉक्स सिंगल फेज गाडीला लावला तर तीनपैकी एकच फेज वापरला जातो. ७.२ किलोवॅट म्हणजे सलग ३२ अँपियर: ४० अँपियरचा एमसीबी, १५ मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटर तांबं, त्याहून लांब असेल तर १०. यात २४ युनिट साधारण चार तासांत भरतात. बॉक्स आयपी ५४ (धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी) तरी हवा, समुद्राजवळ आयपी ६५ घ्या, आणि केबल खालच्या बाजूने आत शिरली पाहिजे. वरून शिरलेल्या केबलवरून पाणी सरळ पेटीत उतरतं.

मंजूर भार मात्र साध्या पॉइंटसाठीही वाढवून घ्यावाच लागेल. १ किलोवॅटच्या जोडणीवर २.९ किलोवॅटची गाडी आणि वर पंप, फ्रिज, मिक्सर. निदान ५ किलोवॅटचा अर्ज करा. सर्व्हिस वायर जुनी असेल तर तीही त्याच वेळी बदलून मागा. ७.२ किलोवॅटचा बॉक्स घरच्या बाकी भारासह घ्यायचा असेल तर थ्री फेजच योग्य. घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही. बिलाचं गणित असं बघा: रोज ४० किलोमीटर म्हणजे महिन्याला १२०० किलोमीटर, मीटरवर १९० ते २०० युनिट. घरचा वापर ९० युनिट असेल तर एकूण ३०० च्या अलीकडे राहतो. १५० असेल तर ३०० च्या वरच्या टप्प्यात जातो आणि तिथला दर चांगलाच चढा आहे. तशी वेळ आली तर ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्या, त्याचा दर वेगळ्या वर्गात येतो आणि टप्प्यांची भानगड नसते. घरी पाहुण्यांसाठी खोल्या देत असाल तर हे वेगळं मीटर आणखी उपयोगाचं, कारण पाहुण्याच्या गाडीत गेलेलं युनिट स्वच्छ मोजता येतं. चार्जिंगला परवाना लागत नाही. ही वीजविक्री नसून सेवा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

सौरऊर्जेबद्दल बरेच जण विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटचा संच उघडिपीच्या दिवसांत सरासरी बारा युनिटच्या आसपास देतो, पण जून ते सप्टेंबर मळभात त्याच्या निम्म्यावरही येतो. आणि एक गोष्ट आधी समजून घ्या: साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःही बंद होतो, लाइनमनच्या जिवासाठी. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तशा दिवसांत छतावरच्या पॅनेलने गाडी चार्ज व्हायला हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागेल. घरातला साधा टीव्ही-पंख्याचा इन्व्हर्टर गाडीला लावू नका. जनरेटर ५ केव्हीएचा असेल तर चालू शकतो, पण त्याचा न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो, म्हणून पुन्हा लाल दिवा येतो. तो जोड वायरमनने जनरेटरच्या टोकाशी, वेगळ्या रॉडला करायचा, सॉकेटमध्ये नाही. वर सांगितलेल्या जुगाडापेक्षा हा वेगळा आणि योग्य मार्ग आहे.

पाऊस, पूर, खार

पावसात चार्जिंग करावं का? गन, केबल आणि बॉक्स धड असतील तर करता येतं. गन नीट बसून गाडी आणि चार्जर यांची खूणगाठ पटल्याशिवाय मुख्य पिनांवर दाब येतच नाही. पावसात कच्चा दुवा असतो तो भिंतीवरचा प्लग. तो कोरडा ठेवा. केबलला जमिनीकडे एक झोल द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकाला गळून पडेल, सॉकेटकडे जाणार नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या विजा, म्हणजे मेअखेर आणि ऑक्टोबर, कडकडाट ऐकू येताच चार्जिंग थांबवून प्लग काढा. सर्ज प्रोटेक्टर लांबच्या विजेला पुरतो, वाडीत पडलेल्या विजेला नाही.

समुद्राजवळ पिनांवर हिरवट थर येतो. गाडीच्या पोर्टचं झाकण उघडं ठेवून गाडी उभी करू नका, गनलाही टोपी असते ती लावा. साफ करायचं तर कोरडा मऊ ब्रश आणि कोरडी हवा, बस. तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे पिनांवर मारू नका. त्याला धूळ आणि मीठ चिकटतं. हिरवं दिसलं तर सर्व्हिस सेंटर. भिंतीवरचं सॉकेट मात्र दर दोन-तीन वर्षांनी सरळ बदला, ते स्वस्त आहे.

पुराची भीती असलेल्या ठिकाणी, चिपळूण, खेड, महाड, राजापूरच्या बाजारपेठांत, इशारा येताच चार्जिंग बंद करून गाडी उंचावर न्या. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून चढलं होतं. 'सकाळी बघू' एवढा वेळ मिळत नाही. बॅटरीला आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटं. उधाणाच्या वेळी खाडीचं खारं पाणी मिसळलेल्या पुरात आठ तास, असा नव्हे. पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून वाळली तरी चार्जिंगला लावू नका, चालूही करू नका. उघड्यावर, घरापासून दूर उभी करून टो करून न्या. आग अनेक दिवसांनी लागू शकते.

वाटेतलं फास्ट चार्जिंग

चिपळूणच्या फास्ट चार्जरवरच कायम भागवायचं, हा विचार सोडा. गुहागर-चिपळूण जवळजवळ ४५ किलोमीटर. जाऊन-येऊन ९० किलोमीटर, म्हणजे भरलेल्यापैकी बारा-तेरा युनिट रस्त्यातच संपतील, आणि वर घरापेक्षा महाग. फास्ट चार्जर प्रवासासाठी.

पनवेल ते महाड सुमारे १३० किलोमीटर, पुढे चिपळूण सत्तरच्या आसपास. ३० युनिटची गाडी महामार्गावर खरोखर दोनशेच्या आसपास चालते असं धरा. म्हणजे पनवेलहून पूर्ण भरून निघालात तर माणगाव-महाडच्या टप्प्यात एकदा थांबणं सुरक्षित. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर ठरावीक अंतराने दोन्ही अंगांना चार्जिंग स्टेशनचं उद्दिष्ट आहे, पण नकाशावरचा ठिपका आणि चालणारी गन या वेगळ्या गोष्टी. ॲपमध्ये शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. नियम असा पाळा की ठरवलेला चार्जर बंद निघाला तरी पुढच्यापर्यंत पोचण्याइतकी बॅटरी हवी. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरूनच टाकून, वॉलेटमध्ये पैसे भरून निघा, आणि मिळत असेल तर आरएफआयडी कार्ड (यंत्राला टेकवायचं कार्ड) घ्या. घाटात, दरीत मोबाइलची रेंज गेली की ॲप उघडत नाही, कार्ड चालतं.

८० टक्क्यांनंतर गाडीच प्रवाह कमी करते. २० ते ८० ला पाऊण-एक तास लागला तर पुढच्या वीस टक्क्यांना तेवढाच वेळ जाऊ शकतो. मागे रांग असेल तर, विशेषतः गणपतीत, ८० ला गन काढा. ६० किलोवॅटच्या यंत्राला दोन गन असतील तर दुसरी गाडी लागताच तुमचा वाटा अर्धा होऊ शकतो. चार्जिंग सुरू न होता 'कम्युनिकेशन एरर' आला तर आधी लाल आपत्कालीन बटण दाबलेलं राहिलंय का पाहा. मग गन पूर्ण आत ढकलून, सुरू होईपर्यंत तिचं वजन हाताने वर धरून ठेवा. जाड केबलच्या ओढीने पिना तिरक्या बसतात. अर्ध्या चुका एवढ्याने सुटतात. गन अडकली तर गाडी लॉक-अनलॉक करा, तरीही नाही तर पुस्तिकेत दिलेली आपत्कालीन दोरी. ती कुठे आहे ते घरीच बघून ठेवा, अंधारात पेट्रोल पंपावर नव्हे.

कोल्हापूर-बेळगावकडून येत असाल तर घाटमाथ्यावर शंभर टक्के भरू नका. आंबोली ६९० मीटरच्या आसपास. तिथून सावंतवाडीकडे सहाशे मीटर उतरताना माणसांसकट १६०० किलोची गाडी अडीच युनिटांची ऊर्जा सोडते. बॅटरीत जागा असेल तर त्यातला बराच भाग परत येतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रिजन (उतारावर वीज परत बॅटरीत भरणं) बंद राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. माथ्यावरून ८५-९० वर निघा.

सागरी मार्गाने येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा हिशोब धरला असेल तर ती चालू आहे का ते आधी विचारा. पावसाळी हवेत ती थांबली, तर दापोलीहून खेड-चिपळूणमार्गे गुहागर शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. बॅटरी २५ टक्के असताना ही बातमी जेट्टीवर कळायला नको.

इलेक्ट्रिक स्कूटरला यातलं फारसं काही लागत नाही. ७५० वॅटचा चार्जर साडेतीन अँपियरच्या आत ओढतो, चांगला ६ अँपियरचा पॉइंट पुरतो. पण आरसीसीबी आणि अर्थ तिथेही तेच. घाट चढून आल्यावर बॅटरी अर्धा तास निवू द्या, मग लावा. बॅटरी काढून घरात चार्ज करत असाल तर ती दाराजवळ किंवा गवताच्या, सुक्या लाकडाच्या मांगरात ठेवू नका.

गाडी महिनाभर गावी उभी राहणार असेल तर ती शंभर टक्के भरून प्लगला लावून ठेवू नका. ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा, प्लग काढा, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरू नये म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत काय सांगितलंय ते करा. बहुतेक वेळा 'गाडी मेली' ती या छोट्या बॅटरीनेच. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर नेहमीच्या वापरात आठवड्यातून एकदा घरच्या संथ चार्जिंगवर पूर्ण शंभर करा. त्याशिवाय गाडीला आपली बॅटरी नेमकी किती उरली ते कळत नाही आणि १५ टक्के दाखवता दाखवता ती अचानक ५ वर येते.

कामाचा क्रम लावायचा तर मेअखेर अर्थिंगचा खड्डा आणि माप, गणपतीच्या दोन महिने आधी भारवाढीचा अर्ज, मग लाइन आणि पॉइंट. वायरमनला आधी हे सांगा की आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबून दाखवायचं आणि भारासह न्यूट्रल-अर्थचा आकडा बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवायचा. पुढच्या वर्षी लाल दिवा लागला तर ताज्या मापाशी पडताळायला तो आकडा समोरच असेल.